शस्त्राचा लळा

आमच्या घरी माळ्यावर आजोबांचा एक कोयता आहे. पाते झिजून निम्मे झाले आहे. मुठीचे लाकूड हाताच्या घामाने काळवंडले आहे आणि अंगठ्याच्या जागी एक खोलगट खूण पडली आहे. त्याला आता कोणी धार लावीत नाही, त्याने केळीचा लोंगर कोणी उतरवीत नाही. तरीही नाताळच्या साफसफाईत तो भंगारात द्यावा असे कोणी सुचवले की घरात क्षणभर सगळे गप्प होतात. ज्या माणसाने आम्हाला खांद्यावर बसवून मिस्साला नेले, त्याचा हात अजून त्या खळग्यात आहे असे आम्हाला वाटते. हा लळा समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक घरात अशी एखादी जपमाळ, एखादे घड्याळ, एखादे शिवणयंत्र असतेच.

पण त्या कोयत्याच्या जागी रिव्हॉल्व्हर असते तर? चाळीस वर्षे एकाच माणसाच्या कमरेला राहिलेले, त्याच्या मुठीच्या घामाने गुळगुळीत झालेले, त्याने मरताना मागे ठेवलेले? तेव्हाही आमचा लळा असाच निर्मळ राहिला असता काय?

आपल्या वाड्यांत आणि पाड्यांत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. रिव्हॉल्व्हर आपण पाहतो ते पोलीस अधिकाऱ्याच्या पट्ट्यात किंवा चित्रपटाच्या पडद्यावर. परवान्यावाचून ते बाळगणे हा गुन्हा आहे, हेही आपल्याला ठाऊक असते. परंतु अमेरिकेत ते पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या वस्तूंपैकी एक होते आणि आजही आहे. आजोबांकडून नातवाकडे घड्याळ जावे तसे तिथे रिव्हॉल्व्हर जाते. म्हणून तेथील साहित्याने आणि चित्रपटाने या जिव्हाळ्याची पुन:पुन्हा विचारपूस केली आहे. त्यांतील १९७६ सालच्या ‘द शूटिस्ट’ या चित्रपटाचा विचार येथे प्रामुख्याने करायचा आहे. मात्र त्याच्या दारात शिरण्यापूर्वी हा लळा कसा जडतो, हे थोडे पाहिले पाहिजे.

सॅम्युअल कोल्ट याने फिरत्या कोठीच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट १८३६ साली मिळवले. त्याच्या कारखान्याचे जे रिव्हॉल्व्हर पुढे दंतकथा बनले ते १८७३ सालचे. अमेरिकन लष्कराने ते त्याच वर्षी स्वीकारले. कोठीत गोळ्यांसाठी सहा घरे. प्रत्येक गोळीसाठी मागचा घोडा अंगठ्याने ओढायचा आणि मग चाप दाबायचा. घोडा ओढताना एकामागून एक अशा चार टिचक्या ऐकू येतात. चुकून धक्का लागला तर गोळी सुटू नये, म्हणून जाणती माणसे घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच गोळ्या भरीत. पोलादावरचा निळसर मुलामा चामड्याच्या म्यानात घासून नळीच्या टोकाशी आणि कडांशी प्रथम उडतो. मुठीचे लाकूड वा हस्तिदंत मालकाच्या तळव्याशी जुळत जाते. एकाच कारखान्यातून निघालेली दोन रिव्हॉल्व्हरे वीस वर्षांनी एकसारखी राहत नाहीत. मालक आपले रिव्हॉल्व्हर अंधारातही केवळ स्पर्शाने ओळखतो. वस्तू आणि शरीर यांचा असा दीर्घ सहवास घडला की तिथे प्रेम उपजणारच. त्याची टिंगल करणे हे टीकाकाराचे काम नव्हे.

तथापि एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. आमच्या आजोबांचा कोयता झिजला तो कापून कापून. त्या खळग्यात हजारो केळीचे लोंगर आहेत, पावसापूर्वी छाटलेल्या फांद्या आहेत, घरात आलेले चार पैसे आहेत. रिव्हॉल्व्हर झिजते ते मुख्यत्वे बाळगल्यामुळे. ते रोज कमरेला लागते, रोज म्यानातून निघते, रोज पुसले जाते आणि पुन्हा म्यानात जाते. त्याची झीज ही सावधपणाची झीज आहे. आणि सावधपणाच्या मुळाशी बहुधा भीती असते. जे आपण ‘जुन्या सोबत्याचे तेज’ म्हणून कौतुकाने पाहतो, तो एखाद्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्या माणसाची बाळगलेली धास्ती असू शकते. याच रिव्हॉल्व्हराला लोकांनी नाव दिले ‘पीसमेकर’, म्हणजे शांती करणारा. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने ज्यांना धन्य म्हटले त्यांचे हे नाव. ते नाव सहा घरांच्या पोलादी कोठीला चिकटलेले पाहून ख्रिस्ती वाचक क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही.

वस्तूवरचे प्रेम आणि वस्तूचे काम यांची गाठ किती घट्ट असते, याचे एक ऐतिहासिक उदाहरण पाहू. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका हवानाच्या बंदरात स्फोट होऊन बुडाली. अडीचशेहून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. त्या बुडालेल्या नौकेतून वर काढलेले एक कोल्ट रिव्हॉल्व्हर थिओडोर रूझवेल्ट यांना त्यांच्या मेहुण्यांकडून भेट मिळाले. मृतांची आठवण म्हणून कोणी ते काचेच्या कपाटात ठेवले असते. रूझवेल्ट ते कमरेला लावून क्यूबाच्या रणांगणात गेले आणि १ जुलै १८९८ च्या सान हुआनच्या लढाईत त्याच रिव्हॉल्व्हराने आपण एका स्पॅनिश सैनिकाला मारले, असे त्यांनी १८९९ च्या आपल्या युद्धस्मृतींत नमूद केले. पुढे त्या शस्त्रावर अक्षरे कोरली गेली. ते बुडालेल्या नौकेतले आहे हे एका बाजूला. त्या लढाईच्या दिवशी कर्नल रूझवेल्ट यांनी ते बाळगले आणि वापरले हे दुसऱ्या बाजूला. रूझवेल्ट १९१९ साली वारले. त्यांचे घर पुढे संग्रहालय झाले. तेथून हे रिव्हॉल्व्हर १९९० साली चोरीला गेले आणि २००६ साली परत मिळाले.

या कोरीव लेखाचा विचार आम्ही एखाद्या कवितेचा करावा तसा करतो. त्यात नौकेचे नाव आहे, तारीख आहे, मालकाचे नाव आहे. ‘वापरले’ या एका शब्दात जो माणूस संपला त्याचे नाव मात्र नाही. अडीचशे मृतांचा शोक खरा होता याविषयी आम्हाला शंका नाही. पण शोकाला शस्त्राचा आकार मिळाला, आणि त्या शोकाने आणखी एक प्रेत निर्माण केले. स्मृतिचिन्ह म्हणून जपलेली वस्तू आपला मूळ धर्म विसरली नव्हती.

रंगभूमीवर हेच सत्य हेन्रिक इब्सेन याने त्या आधीच दाखवले होते. त्याचे ‘हेडा गाब्लर’ हे नाटक १८९० साली प्रसिद्ध झाले. त्यातील शस्त्रे रिव्हॉल्व्हरे नाहीत. वडिलोपार्जित जोडपिस्तुले आहेत. तरी आपल्या विषयाला ती अगदी जवळची. हेडाचे लग्न टेस्मान नावाच्या भाबड्या विद्वानाशी झाले आहे, पण नाटकाच्या नावात ती वडिलांचीच मुलगी राहिली आहे. आतल्या दालनात जनरल गाब्लर यांचे चित्र टांगले आहे. नव्या संसारात तिला रस नाही, पैशाची ओढाताण आहे, पोटात न मागितलेले मूल आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी ती नवऱ्याला सांगते की वेळ घालवायला माझ्यापाशी निदान एक गोष्ट तरी आहे. ती गोष्ट म्हणजे जनरल गाब्लर यांची पिस्तुले.

इब्सेनचे सामर्थ्य असे की त्या पिस्तुलांना तो निव्वळ रंगमंचीय साधन होऊ देत नाही. हेडाच्या हातात ती खेळणी आहेत, वडिलांची आठवण आहेत आणि तिला कधीच न मिळालेल्या मोकळ्या आयुष्याची खूणही आहेत. तिच्यावर दया यावी इतके हे खरे आहे. परंतु त्याच हातांनी ती लोव्हबोर्गचे हस्तलिखित जाळते, आणि सुंदर मरण पत्कर असे सांगून त्यातले एक पिस्तूल त्याच्या हाती देते. प्रत्यक्षात तो एका बदनाम घरात, पोटात गोळी लागून, केविलवाणा मरतो. दुसरे पिस्तूल हेडा स्वत:साठी वापरते. वडिलांची पेटी दोन मृत्यूंनी रिकामी होते. वारशात काय मिळाले आहे, हे न तपासता आपण ते केवळ ‘वडिलांचे’ म्हणून कवटाळतो, तेव्हा वारसा आपल्याला कवटाळतो. हे नाटक वाचून मिटताना आम्हाला नेहमी त्या न जन्मलेल्या बाळाची आठवण होते. आजोबांच्या पेटीचा तिसरा बळी तेच.

आता ‘द शूटिस्ट’कडे वळू. ग्लेंडन स्वॉर्थआउट यांची मूळ कादंबरी १९७५ सालची. डॉन सीगल यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट पुढच्याच वर्षीचा. नायक जॉन बर्नार्ड बुक्स हा वृद्ध बंदूकबाज. जानेवारी १९०१ मध्ये तो नेव्हाडातील कार्सन सिटी या गावी येतो. त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात व्हिक्टोरिया राणीच्या निधनाची बातमी आहे. गावात घोड्याची ट्राम धावते आहे, दूरध्वनी आणि मोटारगाडी यांचे दिवस उगवत आहेत. बुक्सला कर्करोग झाल्याचे त्याचा जुना डॉक्टर सांगतो. दिवस थोडे आहेत आणि शेवट यातनांचा आहे. तो एका विधवेच्या खाणावळीत खोली घेतो. तिचा तरुण मुलगा गिलम याला पाहुण्याचे नाव कळते आणि त्याचे डोळे विस्फारतात. ज्याच्या कथा त्याने ऐकल्या, तो त्याच्याच घरात झोपला आहे.

या साध्या कथानकात चित्रपटाने एक मार्मिक गोष्ट साधली आहे. बुक्स मरणार ही बातमी फुटते आणि त्याच्या अवतीभवती बाजार भरतो. न्हावी त्याचे कापलेले केस विकण्यासाठी गोळा करून ठेवतो. दफनव्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थाला त्याच्या देहाचे प्रदर्शन मांडायचे आहे. एका पत्रकाराला त्याची कथा हवी आहे. एकेकाळची प्रेयसी येते तीही त्याच्या नावावर पुस्तक खपावे म्हणून. बुक्स अजून जिवंत आहे, पण त्याच्या वस्तूंना, त्याच्या केसांना आणि त्याच्या नावाला आताच स्मृतीची किंमत आली आहे. दिग्दर्शक हे सर्व फारसा आवाज न करता, काहीशा विनोदी अंगाने दाखवतो. म्हणूनच ते अधिक बोचते.

अशा वस्तूंची बाजारातील किंमत आणि खरा जिव्हाळा यांचा एकमेकांशी किती थोडा संबंध असतो, याचा दाखला साहित्याच्या इतिहासातच आहे. फ्रेंच कवी पॉल व्हर्लेन याने १० जुलै १८७३ रोजी ब्रुसेल्समध्ये एक रिव्हॉल्व्हर विकत घेतले आणि त्याच दिवशी त्याने आपला तरुण मित्र, कवी रँबो याच्यावर गोळ्या झाडल्या. एक गोळी मनगटात लागली. व्हर्लेनला दोन वर्षांची शिक्षा झाली आणि मॉन्सच्या तुरुंगात तो पुन्हा कॅथलिक श्रद्धेकडे वळला. जे शस्त्र त्याच्यापाशी धड एक दिवसही राहिले नाही ते नोव्हेंबर २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात ४,३४,५०० युरोंना विकले गेले. तुरुंगातल्या त्या पश्चात्तापाची बोली कोणी लावली नाही. ती लागणारही नव्हती.

बुक्सला हा बाजार दिसतो आणि तो त्याला कंटाळतो. पण गिलमची नजर वेगळी आहे. त्याला पैसा नको, त्याला बुक्स व्हायचे आहे. येथे कथेचा खरा प्रश्न सुरू होतो. बुक्स त्या मुलाला नेमबाजी शिकवतो. दोघांचे नेम जवळजवळ सारखे पडतात तेव्हा मुलगा विचारात पडतो: मग हा माणूस इतक्या लढतींतून जिवंत कसा राहिला? बुक्सच्या उत्तराचा आशय असा, की हात किती चपळ आहे किंवा नेम किती अचूक आहे याने काम भागत नाही. समोर माणूस असताना बहुतेकांचे मन क्षणभर कचरते, माझे कचरत नसे. चित्रपटातील हे सर्वांत प्रामाणिक स्थळ आहे, असे आम्ही मानतो. शस्त्राविषयीचे सारे प्रेम, सारी कारागिरी, सारा सराव बाजूला सारून बुक्स मुलाला त्याच्या गाभ्याशी नेतो. त्या गाभ्याशी काय आहे? न कचरणारे मन. ज्याला आपण विवेकाची टोचणी म्हणतो ती तेथे गप्प बसवलेली आहे.

शस्त्राच्या सोबतीची किंमत कोण मोजते, हेही चित्रपट विसरत नाही. एका रात्री दोघेजण बुक्सला मारायला त्याच्या खोलीत घुसतात आणि त्याच्या गोळ्यांनी मरतात. दुसऱ्या दिवशी खाणावळीतील इतर बिऱ्हाडकरू सामान आवरून निघून जातात. विधवेचा चरितार्थ बुडतो. लॉरेन बॅकॉल हिने साकारलेली ही बाई दंतकथांना भुलत नाही. मुलाच्या डोळ्यांतली चमक पाहून ती धास्तावते. आम्हाला वाटते, पश्चिमेच्या असंख्य चित्रपटांत दाराशी उभ्या राहून रडणाऱ्या स्त्रियांपेक्षा ही वेगळी आणि खरी आई आहे.

शेवटी बुक्स तीन नामांकित शत्रूंना आपल्या वाढदिवशी एका मद्यालयात बोलावतो. निरोप पोचवणाऱ्या गिलमला तो आपला घोडा देतो. रिव्हॉल्व्हर देत नाही. चित्रपट या भेदावर बोट ठेवून काही सांगत नाही. परंतु घोडा पुढे नेणारी वस्तू आहे, हे प्रेक्षकाने स्वत:च ओळखावे. मद्यालयात तिघेही मरतात. बुक्स घायाळ होतो आणि पाठीमागून मद्यालयाचा नोकर त्याच्यावर बंदूक झाडतो. धावत आलेला गिलम खाली पडलेले बुक्सचे रिव्हॉल्व्हर उचलतो, त्या नोकराला ठार करतो आणि मग हातातल्या वस्तूकडे पाहतो. ज्या वस्तूकडे तो आठवडाभर आसावून पाहत होता ती आता त्याच्या मुठीत आहे, अजून गरम आहे. तो ती दूर भिरकावतो. मरणारा बुक्स हे पाहतो. त्याच्या चेहऱ्यावर समाधान उमटते आणि तो प्राण सोडतो.

मूळ कादंबरीचा शेवट याच्या नेमका उलट आहे. तिथे मुलगा मरणाऱ्या बुक्सच्या विनंतीवरून त्याचा शेवट करतो आणि त्याची शस्त्रे घेऊन बाहेर पडतो. कादंबरीकाराला म्हणायचे असावे की दंतकथा मरत नाही, ती फक्त हात बदलते. पटकथेच्या लेखकांत कादंबरीकाराचे चिरंजीव माइल्स हूड स्वॉर्थआउट होते, हे कळल्यावर आम्हाला मौज वाटली. वडिलांनी मुलाच्या हाती शस्त्र ठेवले; पुत्राने सहभागी होऊन लिहिलेल्या चित्रपटात ते भिरकावले गेले. आणि त्याच पुत्राने २०१४ साली जी पुढची कादंबरी लिहिली, तीत गिलम पुन्हा त्या शस्त्रांसह वाटचाल करतो. जणू हा वारसा टाकावा की ठेवावा, याचा निर्णय त्या घरातही एकदाच घेऊन संपला नाही.

दोन शेवटांपैकी कोणता श्रेष्ठ? कादंबरीचा शेवट अधिक कठोर आहे, आणि जगाचा अनुभव पाहता कदाचित अधिक संभाव्यही. काही समीक्षक चित्रपटाच्या शेवटाला गोडवा म्हणतील. आम्हाला तसे वाटत नाही. गिलम शस्त्र फेकतो तो उपदेश ऐकून नव्हे, माणूस मारल्यावर. त्याच्या निर्णयात एक प्रेत आहे आणि ते त्याला जन्मभर सोबत करील. शिवाय फेकण्याची किंमत तेव्हाच असते, जेव्हा फेकलेली वस्तू प्रिय असते. पहिल्या दृश्यापासून चित्रपटाने ती वस्तू आपल्यालाही प्रिय केली आहे. म्हणून तो झोत आपल्याही हातून जातो.

तरीही या कलाकृतीवर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की ज्या प्रेमाची ती झडती घेते त्याच प्रेमावर ती पोसलेली आहे. प्रारंभी बुक्सचा पूर्वेतिहास म्हणून जॉन वेन याच्याच ‘रेड रिव्हर’, ‘हॉन्डो’, ‘रिओ ब्राव्हो’ अशा जुन्या चित्रपटांतील दृश्ये दाखवली आहेत. प्रेक्षकांच्या टाळ्या तिथेच वसूल होतात. शेवटच्या चकमकीतही नेमबाजीचा थरार पुरेपूर चाखवला जातो, आणि मग शस्त्र फेकले जाते. मेजवानी संपल्यावर उपवासाचे गोडवे गाण्यासारखे हे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. डॉक्टर बुक्सला सुचवतो की आपल्यात तुझ्याइतके धैर्य असते, तर असे यातनामय मरण आपण पत्करले नसते. बुक्स त्या सूचनेनुसार आपले मरण आखतो. म्हणजे शेवटची लढत हे दुसऱ्यांच्या हातून घडवून आणलेले आत्मविसर्जन आहे, आणि त्यासाठी चार माणसांचे प्राण जातात. चित्रपट या प्रश्नाला शौर्याच्या पडद्याआड ठेवतो. घरमालकीण त्याच्या आत्म्याची काळजी करते, तेव्हा डोंगर आणि एकांत हेच आपले चर्च, असे सांगून तो विषय संपवतो. आजाऱ्याच्या खाटेशी बसून रात्री काढणाऱ्या आपल्या घरांतील माणसांना हे उत्तर अपुरे वाटेल. दु:खाला सामोरे जाण्याचे धैर्य रिव्हॉल्व्हरात नसते. ते कुठून येते हा प्रश्न विचारायलाच चित्रपट कचरतो.

त्याचे उत्तर काही अंशी नटाच्या आयुष्याने दिले असे आम्हाला वाटते. जॉन वेन याला १९६४ साली फुप्फुसाच्या कर्करोगामुळे मोठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. ‘द शूटिस्ट’ हा त्याचा शेवटचा चित्रपट ठरला. तीन वर्षांनी, ११ जून १९७९ रोजी, जठराच्या कर्करोगाने तो रुग्णालयात वारला. त्यापूर्वी थोडेच दिवस त्याने कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला होता. पडद्यावरील बुक्स ज्या खाटेपासून पळाला त्याच खाटेवर वेन शेवटपर्यंत पडून राहिला. त्याने आयुष्यभर पडद्यावर मिरवलेले शस्त्र तेथे कोणाच्याच उपयोगाचे नव्हते.

प्रिय शस्त्र सोडण्याची रीत कोणती, हे विचारताना ख्रिस्ती वाचकाला मोंत्सेरातची आठवण होणे स्वाभाविक आहे. संत इग्नेशियस लोयोला हे सैनिकी वृत्तीचे सरदार. १५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात त्यांचा पाय तोफगोळ्याने मोडला. मार्च १५२२ मध्ये ते मोंत्सेरातच्या मठात आले, त्यांनी तीन दिवस आयुष्यभराचे प्रायश्चित्त केले, आपले खेचर मठाला दिले आणि तलवार व खंजीर पवित्र मरियेच्या वेदीपाशी टांगले. अंगावरची उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली आणि २४ मार्चची रात्र वेदीसमोर जागून काढली. सरदारपद घेण्यापूर्वी शस्त्रांजवळ रात्र जागवायची, ही वीरकथांतील प्रथा त्यांना प्रिय होती. तीच प्रथा त्यांनी उलटी केली. तलवारीचा तिरस्कार त्यांनी केला नाही, ती मोडली नाही, विकली नाही. जिच्यावर प्रेम केले तिला तिच्याहून मोठ्या प्रेमापाशी नेऊन ठेवले.

पण पुण्यकथेतही एक काटा आहे. ती वस्त्रे चोरीची असल्याचा आळ भिकाऱ्यावर आला. ते कळल्यावर इग्नेशियस रडले. त्यागाचेही परिणाम दुसऱ्यांना भोगावे लागतात. गिलमने रिव्हॉल्व्हर फेकले तेव्हाही ते कुठेतरी पडले असेल, कोणीतरी उचलले असेल. फेकणे आणि अर्पण करणे यांतले अंतर हेच. चित्रपट फेकण्यापाशी थांबतो, कारण त्याच्यापाशी वेदी नाही. हा आम्ही त्याचा दोष मानत नाही; त्याच्या प्रामाणिकपणाची ती सीमा आहे. अर्पण केलेल्या वस्तूचे काय होते, याचे उदाहरण आपल्याच काळातले आहे. १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर झाडलेली एक गोळी फातिमा येथील पवित्र मरियेच्या मुकुटात बसवलेली आहे. तिचा लिलाव होणार नाही. जिथे ती आहे तिथे तिच्याकडे पाहून कोणाला नेमबाजी आठवत नाही. वाचलेला प्राण आणि क्षमा आठवते.

म्हणून आमचा निष्कर्ष इतकाच की दीर्घ सहवासाने जडलेल्या लळ्याला हसू नये, पण त्याला प्रश्न विचारल्यावाचून त्याचा वारसाही करू नये. ही वस्तू कशाने झिजली? श्रमाने की भीतीने? ती पुढच्या हातात गेली तर त्या हाताला काय शिकवील? इब्सेनच्या हेडाला हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. बुक्सने ते स्वत:ला फार उशिरा विचारले आणि घोडा तेवढा देऊन ठेवला.

हे लिहून झाल्यावर आम्ही माळ्यावरचा कोयता खाली काढला. धाकट्याने तो हातात घेतला, अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला आणि आजोबा याने काय करीत, असे विचारले. आम्ही त्याला बाग दाखवायला घेऊन गेलो.